चंदन की रक्तचंदन? झाडाला घाव न घालता ओळखा

नावापलीकडे या दोन झाडांचं काही नातं नाही. रक्तचंदन शेंगावर्गातलं, मूळचं पूर्व घाटाच्या दक्षिण भागातलं, मुख्यतः आंध्रातल्या शेषाचलम-वेलिकोंडा डोंगरांतलं. चंदनाचं कूळच वेगळं. गाभ्याच्या लाकडासाठी दोन्हींची चोरटी तोड होते. आययूसीएन या निसर्ग संवर्धनाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या यादीत चंदन ‘असुरक्षित’, तर रक्तचंदन ‘संकटग्रस्त’ आहे.

१. आधी पान बघा. देठाच्या बगलेत कळी असते, तिथून पुढचं सगळं एक पान. चंदनाची पानं साधी, फांदीवर समोरासमोर, टोकाकडे निमुळती. रक्तचंदनाचं पान संयुक्त: बहुधा तीन गोलसर पर्णिका (एकाच पानाचे छोटे पानासारखे भाग), टोकाला हलकी खाच, आणि पानं एकाआड एक. पर्णिका पाच ते सात दिसल्या तर तो बहुधा बिबळा. पान दुहेरी पिसासारखं आणि बिया लालभडक असतील तर ती रतनगुंज. तिलाही रक्तचंदन म्हणून खपवतात. अगदी कोवळ्या रोपात घाई नको, कारण रक्तचंदनाची सुरुवातीची पानं एकेरी असू शकतात.

२. मोठ्या झाडाची साल बघा. रक्तचंदनाची काळपट साल मगरीच्या पाठीसारखी चौकोनी तुकड्यांत फुटते. चंदनाच्या सालीला उभ्या चिरा.

३. फळ मिळालं तर शंका उरत नाही. चंदनाचं सुमारे १ सेंमीचं गोल, पिकल्यावर जांभळं-काळं. रक्तचंदनाची चपटी शेंग, भोवती पापडासारखा पंख.

४. वास किंवा रंग पाहायला खोडाला चीर देऊ नका. दोन्हींचं बाहेरचं लाकूड पांढरटच असतं. चंदनाचा सुवास गाभ्यात, तोही साधारण दहा वर्षांनंतर भरू लागतो. रक्तचंदनाचा लाल गाभा तर सुवासिक नसतोच. चीर दिल्याने हाती काही लागत नाही, उलट जखमेतून कूज शिरते.

५. लावताना खरा फरक कळतो. चंदन अर्धपरोपजीवी: त्याची मुळं शेजारच्या झाडाच्या मुळांना चिकटून पाणी आणि क्षार घेतात. म्हणून पिशवीतच सोबत तूर लावा आणि ती वर चढून सावली करू लागली की शेंडा खुडा. शेतात पुढे सुरूचं किंवा करंजाचं झाड जवळ हवं. एकटं लावलेलं चंदन पिवळं पडून खुरटतं, आणि लोक खत वाढवत बसतात. रक्तचंदनाला सोबत लागत नाही. पाणी साचलेलं मात्र दोघांनाही सोसत नाही.

महाराष्ट्रात स्वतःच्या बांधावरचं चंदनही परवानगीशिवाय तोडता येत नाही.