प्रतीत्यसमुत्पाद: न अडखळता कसा म्हणायचा, कसा समजायचा

प्रतीत्यसमुत्पाद हा बुद्धाच्या शिकवणीतला शब्द. मोठ्यानं वाचताना त्याच्यापाशी आले की भलेभले आवाज खाली आणतात. मी वाचनाचे वर्ग घेते, त्यामुळे ही पुटपुट माझ्या चांगली ओळखीची आहे.

अक्षरं सातच: प्र-ती-त्य-स-मु-त्पा-द. पण सातही सुटी म्हणत बसलात तर शब्द जुळणार नाही. आधी दोन तुकडे करा, प्रतीत्य आणि समुत्पाद. श्वास घ्यायचाच तर ‘त्य’नंतर. ‘ती’ दीर्घ, कारण ‘प्रति’ला ‘इ’ (जाणे) हा धातू येऊन मिळालाय. ‘प्रतित्य’ म्हटलं की धातूच गडप. ‘मु’ मात्र ऱ्हस्व. पुढच्या जोडाक्षराचा आघात त्यावर येतो म्हणून तो कानाला जड लागतो, तेवढ्यावरून त्याला ‘मू’ करू नका. म्हणायचं असं: प्र-तीत्-त्य, स-मुत्-पाद.

खरा दगा शेवटचा ‘द’ देतो. मराठीत शेवटचा अ आपण गिळतो, मग घाईत ‘द’चा ‘त’ होतो आणि समुत्पादाचा उत्पात! (उत्पात पत् धातूचा, उत्पाद पद् धातूचा.) म्हणून सराव विभक्ती लावूनच करा: प्रतीत्यसमुत्पादाचा, प्रतीत्यसमुत्पादानं. स्वर मिळाला की ‘द’ ठसठशीत उमटतो. पाली रूप, पटिच्चसमुप्पाद, जिभेला सोपं. त्यात च्च आणि प्प तेवढे दाबून म्हणा.

आता अर्थ. प्रतीत्य म्हणजे कशाच्या तरी आधारानं. समुत्पाद म्हणजे एकत्र येऊन उद्भवणं. संयुत्तनिकायात, म्हणजे बुद्धवचनांच्या एका पाली संग्रहात, दिव्याचा दृष्टान्त आहे, ‘तेलञ्च पटिच्च वट्टिञ्च पटिच्च’: तेलाच्या आधारानं, वातीच्या आधारानं दिवा जळतो. तेल-वात सरली की विझतो, त्याला वेगळं कुणी विझवावं लागत नाही. ‘पटिच्च’ इथं कामाला लागलेला दिसतो, म्हणून व्याख्येआधी मी ही ओळच वाचायला देते. सूत्ररूपात हेच ‘इमस्मिं सति इदं होति’, हे असताना हे होतं.

पुढे बारा निदानं येतात, म्हणजे एकीच्या आधारानं दुसरी उद्भवते अशा कारणांच्या कड्या: अविद्या, संस्कार, विज्ञान, नामरूप (मन आणि शरीर), षडायतन (मन धरून सहा इंद्रियं), स्पर्श, वेदना, तृष्णा, उपादान (घट्ट धरून ठेवणं), भव (अस्तित्व), जाति, जरामरण. उच्चाराला सगळी सोपी, पण मराठी माणूस फसतो तो इथंच, कारण शब्द घरचे वाटतात. इथला संस्कार म्हणजे आईवडिलांनी लावलेलं वळण नव्हे, तर कर्म घडवणारी मनाची प्रेरणा. विज्ञान म्हणजे जाणीव. प्रयोगशाळेशी संबंध नाही. वेदना सुखाचीही असते, म्हणून तर तिच्यातून तृष्णा निघते. नुसतं दुखणं धरलंत तर ही कडी जुळतच नाही. आणि जाति म्हणजे जन्म. श्रोत्यांसमोर वाचताना मी या एका शब्दापुढे ‘म्हणजे जन्म’ एवढं पदरचं घालते, आणि मगच जरामरणाकडे जाते.