कोकणात घर बांधताय? आराखड्याआधी ही तयारी करा

जागा एकदा जुलैत जाऊन बघा. पाणी कुठून उतरतं, कुठे तुंबतं, झड कुठल्या बाजूने येते, हे मे महिन्यात दिसत नाही. सातबारा आणि मोजणीचा नकाशा हाताशी असू द्या. खाडी किंवा समुद्र जवळ असेल तर भरतीरेषेपासूनचं अंतर सीआरझेडच्या (किनारा नियमन क्षेत्र, जिथे बांधकामावर बंधनं असतात) नकाशावर आधीच तपासा. विहिरीचं पाणी एप्रिल-मेमध्ये तपासून घ्या. मचूळ पाण्यात कालवलेल्या काँक्रीटमधल्या सळया गंजतात. किनाऱ्यालगत काँक्रीट एम-३० (मजबुतीचा दर्जा) आणि सळईवर ४५ मिमी कव्हर, म्हणजे काँक्रीटचा थर, हे कंत्राटात लिहूनच घ्या.

सगळ्यात जास्त विचार छपराचा करा. कोकणात वीज वाचवते ती भर पावसातही उघडी ठेवता येणारी खिडकी. ती लावून घ्यावी लागली की चार महिने दिवसाढवळ्या दिवे, सतत पंखे आणि कपाटात बुरशी. म्हणून पश्चिमेला किमान सहा फुटी पडवी आणि बाकी बाजूंना तीन फूट वळचण धरा. दुपारचा समुद्रवारा पश्चिमेकडून येतो, ऊनही तिकडूनच. भिंत दोन्ही अडवते. पडवी ऊन अडवून वारा आत सोडते. पूर्वेला तेवढ्याच खिडक्या हव्यात, वाऱ्याला बाहेर पडायला वाट नसेल तर तो आत शिरतच नाही.

कौलांचा उतार ३० अंशांच्या आसपास ठेवा. उतार कमी असला की वाऱ्याच्या जोराने पाणी कौलांच्या सांध्यातून उलटं चढतं. मोठ्या वळचणीत वादळवारा खालून शिरतो, हेही ध्यानात असू द्या. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात श्रीवर्धन, मंडणगड, दापोलीकडे किती छपरं उडाली! वासे भिंतीवर नुसते टेकवू नका, भिंतीत ओतलेल्या बोल्टांना पट्टीने जखडा. कडेच्या ओळींतली कौलं स्टेनलेसच्या तारेने बांधा.

जांभ्याचे चिरे खाणीतून आणून तीन महिने उघड्यावर सुकू द्या. त्यावर सिमेंटचा गिलावा आणि प्लास्टिक रंग नको. भिंतीतली ओल आत अडकते आणि रंगाला फुगे धरतात. चुन्याचा गिलावा करा, किंवा सांधे चुन्याने भरून चिरा उघडाच ठेवा.

३,००० मिमी पावसात ५० चौरस मीटर छपरावरून सव्वा लाख लिटरच्या आसपास पाणी मिळतं. सगळं साठवणं परवडत नाही. चौघांच्या पिण्या-रांधण्याला रोज ६० लिटर धरले तर ५,००० लिटरची टाकी उन्हाळ्याचे ८० दिवस काढते. उरलेलं पाणी गाळून विहिरीत सोडा. पहिल्या सरींचं पाणी मात्र टाकीत घेऊ नका.

सोलरला दक्षिण उतारावर प्रत्येक किलोवॉटमागे साधारण १०० चौरस फूट लागतात. आराखड्यात माडांची जागाही दाखवा. एका झावळीची सावली पडली तरी जोडलेल्या सगळ्या पॅनेलचं उत्पादन घसरतं.

काम भातकापणी संपताच सुरू करा. कौलं मेअखेर चढलीच पाहिजेत, नाहीतर उघडे वासे भिजून वाकतात आणि पुढे कौलं नीट बसत नाहीत.