बाजारपेठेचा पुनर्विकास: आधी पाडू नका, आधी करार वाचा

छोट्या शहराची मुख्य पेठ ओस पडू लागली की नवी इमारत हाच पहिला उपाय सुचतो. नगरपालिकेने जागा द्यायची, विकासकाने पैसा घालायचा, खाली दुकानं, वर घरं. आराखडा सगळ्यांना आवडतो. गाडी अडते ती करारात आणि कोणतं काम कशाच्या आधी करायचं यात.

सर्वात महागडी चूक म्हणजे विकासकाचा पैसा पक्का होण्याआधी वस्ती पाडणं. अमेरिकेतल्या न्यू लंडन शहराने फोर्ट ट्रंबुल या वस्तीतली घरं खासगी प्रकल्पासाठी सक्तीने घेतली. शेजारी फायझर या औषध कंपनीचं संशोधन केंद्र उभं राहत होतं, त्याच्या आधाराने हॉटेल आणि घरं येतील असा हिशेब होता. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि २००५ मध्ये शहर ५ विरुद्ध ४ मतांनी जिंकलं. पण विकासकाला पैसा उभारता आला नाही, २००९ मध्ये फायझरनेही तिथून निघायचं जाहीर केलं, आणि घरं पाडलेली जमीन पुढे कित्येक वर्षं मोकळी पडून राहिली. लोकांची घरं गेली आणि त्या बदल्यात शहराच्या हाती काहीच आलं नाही. ही गोष्ट मला आजही अस्वस्थ करते.

म्हणून कर्जाचं मंजुरीपत्र आणि बँक हमी हातात आल्याशिवाय ताबा देऊ नका. जमीन तुकड्यातुकड्याने द्या. पहिल्या टप्प्याचं बांधकाम वापरात आलं की मगच दुसऱ्याचा ताबा. काम ठरलेल्या मुदतीत सुरू झालं नाही तर जमीन आपोआप परत येईल, असं कलम करारात हवंच. ‘परस्पर सहमतीने निर्णय घेतला जाईल’ या वाक्यावर विसंबू नका, वाद झाला की सहमती हीच पहिली नाहीशी होते. प्रकल्प आधीच अडकला असेल तर मुदतवाढ फुकट देऊ नका. मुदतवाढ मागायला विकासक येतो, तेव्हाच शहराची बाजू सर्वात भक्कम असते. जुनी ढिली कलमं त्याच बैठकीत दुरुस्त करून घ्या. आणि एकाच मोठ्या कंपनीच्या भरवशावर सगळं गणित मांडलं असेल, तर ती कंपनी वजा करून ते पुन्हा मांडा.

दुसरी चूक रस्त्याची. ‘वाहनं बंद केली की लोक चालायला येतील’ हे अर्धसत्य आहे. कॅलमाझू या अमेरिकन शहराने १९५९ मध्ये बर्डिक स्ट्रीटचा काही भाग वाहनांना बंद केला. देशातला तो पहिलाच असा प्रयोग होता. १९९८ मध्ये त्यातल्या दोन भागांत वाहनं परत आणावी लागली. याउलट स्पेनमधल्या सुमारे ८० हजार वस्तीच्या पोंतेवेद्राने १९९९ पासून जुन्या गावातली वाहनं हटवली आणि ती व्यवस्था टिकली. फरक कुठे पडतो? पोंतेवेद्राच्या मध्यभागी लोक राहतात, आणि गाडी गावाच्या कडेला फुकट लावून चालत आत येता येतं. तुमच्या पेठेत दुकानांवर कोणी राहतच नसेल, तर रस्ता बंद करण्याआधी वरचे मजले राहते करा. संध्याकाळी दुकानं मिटल्यावर रस्ता सुना पडत असेल, तर दुखणं बहुधा हेच आहे.

जुने दुकानदार हा तर बहुतेक करारांत विसरलेला पक्ष. बांधकामाच्या दीड-दोन वर्षांत गिऱ्हाईक तुटलं की ते सहसा परत येत नाही. रस्ता एकदम न खणता एकेक बाजू घ्या, तात्पुरते गाळे त्याच पेठेत द्या, आणि परतीचा हक्क भाड्याच्या सूत्रासकट लेखी द्या. नुसता हक्क देऊन भाडं मोकळं ठेवलं, तर तो हक्क कागदावरच राहतो. नवे गाळे रिकामे राहत असतील तर दर कमी करण्याआधी आकार पाहा. पुष्कळदा गाळा फार मोठा असतो आणि अनामत फार जड. त्याचे दोन भाग करून वर्षभराच्या करारावर दिला, तर नवखा माणूसही धाडस करतो.

शेवटची चूक उद्घाटनानंतर दिसते. दिवे बंद, फरश्या उखडलेल्या, आणि दुरुस्ती कोणी करायची ते कुठेच लिहिलेलं नाही. अमेरिकेतल्या राष्ट्रीय वारसा न्यासाने १९७७ मध्ये गेल्सबर्ग, मॅडिसन आणि हॉट स्प्रिंग्ज या तीन छोट्या गावांत मुख्य रस्त्यावरची पेठ सावरण्याचा प्रयोग सुरू केला, तेव्हा प्रत्येक गावात पूर्णवेळ व्यवस्थापक नेमला होता. माझ्या मते इमारतीच्या खर्चाआधी या माणसाच्या पगाराची तरतूद करावी. पैसा कुठून आणायचा? कॅनडातल्या टोरंटोमधल्या ब्लूर वेस्ट व्हिलेज या पेठेने १९७० मध्ये ठरावीक हद्दीतल्या सर्व व्यावसायिकांवर सक्तीची वर्गणी लावली. वर्गणी ऐच्छिक ठेवली की काहीजण भरतात आणि फायदा सगळे घेतात, ही अडचण त्यामुळे मिटली. कॅलिफोर्नियातल्या ओल्ड पासाडेना या जुन्या पेठेत १९९३ मध्ये पार्किंगचे मीटर बसवले गेले. दुकानदारांचा विरोध होता, पण मीटरचं उत्पन्न त्याच भागातल्या पदपथांवर, दिव्यांवर आणि सफाईवर खर्च होईल असं ठरलं, तेव्हा तो मावळला. तुमच्याकडे पार्किंगचं शुल्क आधीच घेतलं जात असेल, तर ते कोणत्या खात्यात जमा होतं, हे पुढच्या सभेत विचारा.