बाटलीवरचं सोनेरी लेबल फोटोत काळं पडतंय? मग लाइट लेबलवर मारूच नका

नाशिकजवळ दिंडोरीकडच्या एका छोट्या वायनरीचं, म्हणजे वाइन बनवणाऱ्यांचं, बाटलीचे फोटो काढायचं काम होतं. लेबल काळं मॅट, त्यावर सोनेरी फॉइलमध्ये एम्बॉस केलेला द्राक्षाचा घड, हाताला एकेक मणी लागत होता इतकं सुंदर काम. मी फोटो पाठवले आणि मालकांचा लगेच फोन, "दादा, आमचा घड कुठे गेला?" खरंच गेला होता. ४५ अंशाला दोन्हीकडून सॉफ्टबॉक्स, म्हणजे पुढे पांढरं कापड लावलेले लाइट, लावले होते, तर लेबलवर दोन उभ्या पांढऱ्या पट्ट्या आल्या आणि मधला घड काळाच्या काळा.

याचं कारण एकदा डोक्यात बसलं की बाकी सगळं सोपं आहे. सोनेरी फॉइल म्हणजे ॲल्युमिनियमचा अगदी पातळ थर आणि त्यावर पिवळट रंगाची लाख, म्हणजे तो आरसाच झाला. आरशावर कितीही उजेड पाडा, त्यात दिसणार समोर जे असेल तेच. भांडी बाजारात पितळेचा तांब्या हातात घेऊन बघा, त्याच्या पोटावर अख्खी गल्ली दिसते, तुम्ही पण दिसता. माझ्या घडात माझी अंधारी खोली दिसत होती, बस. म्हणून लाइट लेबलवर नाही, लेबलला जे दिसतं त्याच्यावर मारायचा.

आता लेबलला दिसतं काय? मधला भाग बघतो थेट कॅमेऱ्याकडे, आणि बाटली गोल असल्यामुळे मधून बाजूला सरकलो की प्रतिबिंब दुप्पट वळतं, म्हणजे ४५ अंशावरची लेबलची कड ९० अंशावरची बाजूची भिंत बघत असते. छोटा लाइट म्हणूनच बारीक पट्टी होऊन बसतो. त्यामुळे पांढरं जे काही लावायचं ते बाटलीच्या पुढून दोन्ही बाजूंना गोल वळवून, पार बाटलीच्या रेषेपर्यंत आणायचं. मेन रोडला स्टेशनरीच्या दुकानात ट्रेसिंग पेपर, थर्माकोलची शीट आणि काळा चार्ट पेपर मिळतो, माझं जवळपास सगळं काम त्याच्यावरच चालतं.

राहिला मधला भाग, जो कॅमेराच बघतोय. इथे बहुतेक जण अडकतात आणि उपाय एवढासा आहे. बाटलीच्या बुडाखाली पुढच्या बाजूने पुठ्ठ्याची घडी सरकवा, साधारण ६-७ मिलिमीटरची. बाटली ५ अंश मागे कलते आणि प्रतिबिंब १० अंश वर जातं, म्हणजे कॅमेरा दीड मीटरवर असेल तर लेन्सच्या साधारण २५ सेंटिमीटर वरची जागा घडाला दिसायला लागते. तिथे थर्माकोल उभा करा, लेन्सच्या लगेच वरून सुरू होईल असा, आणि लाइट त्या थर्माकोलवर मारा. कॅमेरा आहे त्याच उंचीवर सरळ ठेवा, तो वर नेऊन लेबलच्या अगदी समोर आणलात तर घडाला परत कॅमेराच दिसेल. एवढं कललेलं फोटोत कुणाला कळत नाही, पुठ्ठा नंतर एडिटिंगमध्ये काढायचा.

पण सगळीकडे एकसारखं पांढरं करून ठेवलं तर सोनं सोनं दिसत नाही, पिवळा कागद चिकटवल्यासारखं सपाट दिसतं. मला स्वतःला हा फोटो काळ्या घडापेक्षा वाईट वाटतो, कारण छापणाऱ्याने उठाव आणायला घेतलेली मेहनत त्यात मरते. म्हणून थर्माकोलवर लाइट एका टोकाने तिरका टाका, एक बाजू लख्ख आणि दुसरीकडे हळूहळू करडी होत जाईल असा. मग प्रत्येक मण्याला एक उजळ आणि एक गडद बाजू मिळते आणि घड वर उचलून येतो. थर्माकोल इंच इंच सरकवत स्क्रीनवर बघत बसा, मी याला अर्धा अर्धा तास घालवतो आणि तो वेळ वाया जात नाही.

लोक सीपीएल फिल्टर, म्हणजे लेन्सवर लावायची चमक कमी करणारी काच, घेऊन येतात. काचेवरची, लॅमिनेशनवरची चमक त्याने कमी होते, ती पण ठरावीक कोनातूनच, धातूच्या फॉइलवर मात्र त्याचा उपयोग होत नाही, त्यामुळे फक्त यासाठी पैसे घालू नका.

बाटलीच्या कडा पांढऱ्या बॅकग्राउंडमध्ये विरघळत असतील तर फ्रेमच्या जरा बाहेर, बाटलीच्या किंचित मागे, दोन्हीकडे काळ्या चार्टच्या उभ्या पट्ट्या ठेवा, कडेला छान गडद रेघ येते. रेड वाइन काळी दिसत असेल तर बाटलीच्या आकारापेक्षा थोडा लहान पांढरा कागद कापून मागे लपवा आणि त्याच्यावर मागून-बाजूने उजेड टाका.

सेटिंग साधं. ट्रायपॉड, आयएसओ 100, ॲपर्चर एफ 8 ते 11, 85 किंवा 100 मिलिमीटरची लेन्स, 2 सेकंदाचा टायमर. मोबाइल असेल तर वाइड नको, लांब उभं राहून टेली, म्हणजे झूमची लेन्स वापरा आणि एक्सपोजर लॉक करा. खोलीतली ट्यूबलाइट बंद, खिडकीला चादर, अंगात काळा शर्ट, कारण फिकट शर्ट काचेत हमखास दिसतो. बाटली मायक्रोफायबरने पुसून झाली की कॉटनचे हातमोजे घातल्याशिवाय हात लावू नका, फॉइलवरचा बोटाचा ठसा एडिटिंगमध्ये काढताना मण्यांचे बारीक काठ पण पुसले जातात.

आणि एकाच फोटोत सगळं बसवायचा हट्ट नको. कॅमेरा, बाटली जागच्या जागी ठेवून एक फोटो फॉइलसाठी, एक काचेसाठी, एक मागच्या उजेडाचा असे घ्या आणि एडिटिंगमध्ये एकावर एक लेयर लावून जोडा. त्या वायनरीला दुसऱ्यांदा पाठवलेला फोटो असाच तीन फोटोंचा होता, त्यात घडाचे मणी मोजता येत होते.