झोपेत चालणाऱ्याची झोप कशी तपासावी

एप्रिल-मे महिन्यांत सोलापुरातील अनेक कुटुंबे गच्चीवर अंथरुणे टाकतात. परंतु घरात कोणी झोपेत चालत असेल, तर त्याचे अंथरूण खालच्या खोलीत जमिनीवरच घालावे. माझा आठ वर्षांचा पुतण्या एका रात्री गच्चीच्या दाराची कडी चाचपडताना आढळला. डोळे उघडे होते, पण हाक त्याच्यापर्यंत पोहोचत नव्हती, आणि सकाळी त्याला यातले काहीही आठवत नव्हते. तेव्हापासून त्या दाराला वरच्या बाजूस दुसरी कडी आणि घुंगरांची माळ आहे.

अशा व्यक्तीला जागे केल्यास तिच्या जिवाला धोका होतो, हा गैरसमज आहे. तथापि ती गोंधळून झटापट करू शकते, म्हणून हळू बोलत तिला अंथरुणापर्यंत आणावे.

मात्र कडी लावून थांबू नये. गाढ झोपेतून अर्धवट जाग आल्याने माणूस चालू लागतो. म्हणून ती झोप कशाने मोडते, हे शोधावे. दोन आठवडे वहीत झोपेची वेळ, चालण्याची वेळ, ताप आणि जागरण यांची नोंद ठेवावी. मूल घोरते का, मध्येच त्याचा श्वास अडखळतो का, हे शेजारी बसून पाहावे. वाढलेल्या टॉन्सिलमुळे श्वास अडत असेल, तर त्यावरील उपचारांनी चालणेही थांबू शकते. पाय शिवशिवत असल्यास डॉक्टरांच्या सल्ल्याने रक्तातील फेरिटिन (शरीरातील लोहाचा साठा दाखवणारे प्रथिन) तपासावे, कारण लोहाच्या कमतरतेने हा त्रास वाढतो. किंचाळत उठणे हा याच गाढ झोपेचा, चालण्याशी जवळचे नाते असलेला विकार आहे. यंत्रमागावर रात्रपाळी करणाऱ्या मोठ्या माणसाने आधी दिवसाची झोप पुरी करावी, आणि झोल्पिडेमसारखी झोपेची गोळी चालू असेल तर डॉक्टरांना आवर्जून सांगावे.

चालण्याचा प्रकार बहुधा झोप लागल्यानंतर एक-दोन तासांत घडतो. याउलट पन्नाशी उलटलेली व्यक्ती पहाटेच्या सुमारास स्वप्नाबरहुकूम हातपाय झाडू लागली आणि जाग आल्यावर ते स्वप्न सांगू शकली, तर तो स्वप्नझोपेचा वेगळा विकार असू शकतो. काहींमध्ये तो पार्किन्सनच्या (कंपवाताच्या) कितीतरी वर्षे आधी दिसतो, त्यामुळे मेंदूविकारतज्ज्ञांना दाखवावे. एका रात्रीत अनेकदा अगदी एकसारख्याच हालचाली होत असतील, तर फेफऱ्याची शंका घ्यावी आणि मोबाइलवर चित्रीकरण करून डॉक्टरांना दाखवावे.

मूल रोज ठरावीक वेळीच चालत असेल, तर त्याआधी पंधरा-वीस मिनिटे त्याला हलकेच जागे करून पुन्हा झोपवावे. हा क्रम काही आठवडे चालू ठेवावा लागतो.