नानकटाई पसरते, डब्यात तेलकट होते? मला जमलेला उपाय

ओव्हनमधे गेली की नानकटाई पसरायची, कडा करपायच्या, मधे कच्ची, आणि दोन दिवसात डब्यातल्या कागदावर तेलाचे डाग. मैदा वाढवला तर कडक झाली, तापमान कमी केलं तर अजूनच पसरली. नुसता वैताग.

घोळ तुपाचा होता. एप्रिलमधे सांगलीत तूप बरणीतच पातळ होतं आणि पातळ तूप कितीही फेटा, हवा धरत नाही, त्याला तुपातले घट्ट कण लागतात. बटरमधे तर १६ टक्क्यांच्या आसपास पाणीच असतं, ते वेगळंच.

आता ९० ग्रॅम तूप नि ३५ ग्रॅम वनस्पती तूप (डालडा) एकत्र वितळवायचं (वनस्पती उन्हाळ्यातही जरा घट्ट राहतं म्हणून, पाकिटावर ट्रान्स फॅट तेवढं बघून घ्या), मग भांडं बर्फाच्या पाण्यात ठेवून सतत ढवळायचं, नुसतं फ्रीजमधे ठेवलं तर रवाळ होतं. मलमासारखं झालं की १०० ग्रॅम पिठीसाखर घालून पांढरंशुभ्र होईस्तोवर फेटायचं. मग २०० ग्रॅम मैदा, ५० ग्रॅम बेसन, पाव चमचा बेकिंग पावडर, वेलची, पण मळायचं नाही, फक्त गोळा करायचं. वळून ट्रेसकट अर्धा तास फ्रीजमधे, आणि तिथून थेट १७० डिग्रीला तापलेल्या ओव्हनमधे १८-२० मिनिटं. गार होईपर्यंत उचलू नका, मोडते.