लांब घाट सायकलवर कसा चढायचा, व्हॅन इम्पेकडून शिका

लांब चढात वाट लागते ती पहिल्या दहा मिनिटांत. पाय ताजे असतात, बाजूचे सुसाट सुटतात आणि आपण पण त्यांच्या मागे. फ्रान्समधला आल्प द्युएझ बघा, १३.८ किमी, २१ वळणं, सरासरी ८ टक्के चढ, पण सुरुवातीचा भाग १० टक्क्यांच्या आसपास, म्हणजे जिथे जोर मारावासा वाटतो तिथेच रस्ता सगळ्यात खडा. तिथे मुद्दाम हळू जा. एक पूर्ण वाक्य बोलता येत नसेल तर तुम्ही आत्ताच जास्त खर्च करताय.

गिअरची लाज नको. पुढच्या चक्राला ३४ दात आणि मागच्या कॅसेटच्या (मागच्या चाकावरच्या गिअरचक्रांच्या संचाच्या) सगळ्यात मोठ्या चक्राला ३२ किंवा ३४ असतील तर लावा, पेडल मिनिटाला ७०-९० वेळा फिरू दे, गुडघे वाचतात. बहुतेक वेळ बसूनच चढा. उभं राहायचं ते पाठ मोकळी करायला किंवा चढ अचानक खडा झाला तर, आणि वळणावर आतल्या बाजूला चढ जास्त असतो म्हणून रस्ता मोकळा असेल तरच जरा बाहेरून जा.

आता बेल्जियमचा सायकलपटू लुसियन व्हॅन इम्पे. टूर द फ्रान्स या बऱ्याच दिवसांच्या शर्यतीत डोंगरांचा (सगळ्यात चांगल्या चढणाऱ्याचा) किताब ६ वेळा, १९७५ ला या किताबाची लाल ठिपक्यांची जर्सी पहिल्यांदा आली ती पण यानेच जिंकली. पण अख्खी टूर एकदाच, १९७६ ला, आणि मला त्याच्या करिअरमधली हीच गोष्ट सगळ्यात कामाची वाटते. त्या वर्षी टीमचा डायरेक्टर सिरिल गिमार होता, त्याने सँ-लारी-सुलांच्या स्टेजला (एका दिवसाच्या टप्प्याला) याला लांबूनच अटॅक करायला, म्हणजे बाकीच्यांना सोडून पुढे सुटायला लावलं, याच्या मनात नव्हतं, तरी गेला, स्टेज जिंकली, एकूण वेळेत पहिल्या असणाऱ्याची पिवळी जर्सी परत मिळवली आणि शेवटी टूर ४ मिनिटांहून जास्त फरकाने जिंकली. तर दम राखायचाच, पण तो कुठे खर्च करायचा ती जागा आधीच ठरवून ठेवा, आणि ती आली की मागे बघू नका.

वजनाचं वेड मात्र नको. सायकलसकट ७५ किलोतला १ किलो गेला तर तासाभराच्या खड्या चढात पाऊण मिनिटाच्या आसपास वाचतं, आणि उपाशी राहिलात तर त्याच्या कितीतरी पट जातं. तासाला ६० ग्रॅम कार्ब्स, भूक लागायच्या आधीच.

वर पोचलात की उतरायच्या आधी जॅकेट घाला, घामाने अंग ओलं असतं आणि उतारावर बोटं गारठली की ब्रेक नीट दाबता येत नाही.